सुधारलेला घोडा पुन्हा तसाच वागायला लागतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते: "महिनाभर शिकवणाऱ्याकडे ठेवला, शहाणा होऊन आला, आणि तीन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखा." रिकिबीत पाय ठेवला की चालू लागतो, लगाम ओढला की जास्तच पळतो, पागेपासून थोडं दूर गेलं की अडून बसतो. शिकवणाऱ्याने फसवलं असं मालकाला वाटतं. शिकवणारा म्हणतो, मालकाला बसता येत नाही. बऱ्याचदा दोघांचंही थोडं थोडं खरं असतं.

घोड्याला लागलेली सवय पुसली जात नाही. तिच्यावर नवीन सवय चढवता येते, पण जुनी खाली तशीच राहते. घोडा दमला, घाबरला, त्याला कुठे दुखलं किंवा पाठीवर अनोळखी माणूस बसला की ती वर येते. म्हणून परत आलेला दोष पाहताना दोनच प्रश्न विचारायचे. शरीरातलं मूळ कारण अजून शिल्लक आहे का? आणि रोजच्या बसण्यात आपण नकळत जुन्याच वागण्याला बक्षीस देतोय का?

यातल्या बक्षिसाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. लगाम आणि टाच ही दाबाची साधनं आहेत. घोडा शिकतो ते दाब सुटण्याच्या क्षणावरून: दाब सुटला त्या वेळी तो जे करत होता, ते त्याला बरोबर उत्तर वाटतं. दाब साधारण सेकंदाभरात सुटला तर धागा जुळतो, तीन सेकंदांनी सुटला तर त्याने मधे केलेली तिसरीच गोष्ट पक्की होते. घोड्याने मान झटकली आणि स्वाराच्या हातातून लगाम निसटला, असं दिवसात दहा वेळा झालं, की महिनाभराचं शिक्षण आठवड्यात उलटतं.

आधी वही

घोड्याला हात लावण्याआधी दोन-तीन आठवडे नोंद ठेवा. तारीख, स्वार कोण, किती मिनिटांनी दोष दिसला, कोणत्या हाताला वळताना दिसला, आदल्या दिवशी काम होतं की सुट्टी, चंदी (दाण्याचा खुराक) किती, नालबंद शेवटचा कधी आला. घोडी असेल तर माजावर कधी होती तेही लिहा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कोणी करत नाही, आणि नेमकी इथेच निम्मी प्रकरणं उलगडतात.

दोष पहिल्या पाच मिनिटांत येऊन नंतर विरत असेल तर तंग (पोटाखालून कसायचा पट्टा), खोगीर आणि पाठीचा आखडलेपणा आधी पाहा. पहिली वीस मिनिटं चांगली जाऊन मग सुरू होत असेल तर थकवा किंवा कामासोबत वाढणारं दुखणं असू शकतं. फक्त डाव्या वळणावर येत असेल तर पाय, दात, किंवा एकीकडे झुकून बसणारा स्वार. नालबंद यायच्या आधीच्या आठवड्यात दरवेळी बिनसत असेल तर खूर लांबल्याने पायाचा तोल बदलतोय. फेरी सहा आठवड्यांवरून पाचवर आणून पाहा. सुट्टीनंतरच्या दिवशी उधळत असेल तर सुट्टीच्या दिवशीही पूर्ण चंदी चाललीय का ते बघा.

घोडीत दोष साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने येत असेल तर माजाचं चक्र ताडून पाहा. ते सुमारे 21 ते 22 दिवसांचं असतं आणि त्यातले पाच-सात दिवस माज असतो. मात्र "घोडी आहे, असंच करणार" म्हणून सोडून देऊ नका. माजावर असताना तंग कसू न देणाऱ्या घोडीला पुष्कळदा इतर दिवशीही तिथे दुखत असतं, तेव्हा ती फक्त सहन करत असते.

एकाच स्वाराच्या वेळी दोष येतो, असं वहीत दिसलं तर घोड्याला शिकवायला पाठवू नका. स्वाराला पाठवा.

मग शरीर

शिकवणाऱ्याकडे गेलेला घोडा बरा होऊन येतो, याचं एक साधं कारण म्हणजे तिथे खोगीर वेगळं असतं. घरी आला की जुनं खोगीर पुन्हा पाठीवर. म्हणून पहिली तपासणी खोगिराची. खाली कापड न घालता ते पाठीवर ठेवा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर, स्वार बसलेला असतानाही, दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. मधली पोकळी पुढून मागेपर्यंत तीन-चार बोटं रुंद हवी, म्हणजे कण्यावर भार येत नाही. खोगिराचा टेकणारा भाग शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. मग गादीखाली सपाट हात घालून पुढून मागे सरकवा. मध्येच हात मोकळा झाला आणि दोन्ही टोकांना दाबला गेला, तर खोगीर पुलासारखं उभं आहे आणि सगळं वजन चार ठिकाणी पडतंय.

कामानंतर घामाचा ठसा पाहा. ओल्या भागात मधेच कोरडा चट्टा दिसला तर तिथे फार दाब पडतोय किंवा खोगीर टेकतच नाहीये. हात घालून पाहिलं की दोन्हीतलं कोणतं ते कळतं. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके उगवले असतील तर ते जुन्या दाबाचे पुरावे आहेत. स्वार आणि सामान मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या 15 ते 20 टक्क्यांच्या आत ठेवा. 400 किलोच्या घोड्यावर खोगिरासह 80 किलो ही वरची मर्यादा समजा. पाठ कच्ची असेल तर त्याहून कमी.

दात वर्षातून एकदा, आणि पाच वर्षांखालच्या घोड्याचे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचे. वरच्या दाढांना गालाच्या बाजूला आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूला धार चढते. नाकपट्टी घट्ट असेल तर गाल त्या धारेवर दाबला जातो. तोंड उघडतो म्हणून पट्टी आवळली, आवळल्यामुळे जास्त दुखलं, म्हणून मान झटकू लागला: असं चक्र कितीतरी ठिकाणी सापडतं. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं सरळ जायला हवीत. हाडावर, बाजूला नव्हे. बाजूला तर घट्ट पट्टीखालीही बोटं जातात.

तंग कसताना चावणं आणि पोटाला हात लावू न देणं यात जठरातल्या व्रणांचा संशय धरा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाल्लेलं असो वा नसो. रिकाम्या पोटी पळवलं तर ते आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर उसळतं. उपाय दोन टोकांचा आहे. पशुवैद्याकडून निदान आणि औषध; आणि रोजच्या व्यवस्थेत, बसण्याआधी अर्धा तास थोडी वैरण, दिवसभरात सुकी वैरण निदान शरीराच्या वजनाच्या दीड टक्का, चंदी एका वेळी अर्ध्या टक्क्याहून जास्त नाही. 400 किलोच्या घोड्याला म्हणजे किमान 6 किलो सुकी वैरण, आणि एका वेळची चंदी 2 किलोच्या आत.

दुखणं आणि सवय वेगळी करायला चार पायऱ्यांची चाचणी उपयोगी पडते. एकाच दिवशी, एकाच जागी, घोडा आधी नुसत्या मोरखीवर लांब दोरीने गोल फिरवा. मग खोगीर ठेवून तंग सैल. मग तंग नेहमीइतका कसून. मग हलका, शांत स्वार बसवून. दोष कोणत्या पायरीवर दिसला ते लिहा. पहिल्याच पायरीवर दुडकीत (चालीपेक्षा वेगवान गतीत) डोकं वरखाली होत असेल किंवा एका बाजूला पाऊल आखूड पडत असेल तर पुढे जाऊ नका, तो लंगडतोय. दुसरी-तिसरी पायरी म्हणजे खोगीर, पाठ, पोट. फक्त चौथीवर दिसला तर स्वार, तोंड, किंवा शिकलेली सवय. दोरी सात-आठ मीटरची, वर्तुळ पंधरा मीटरच्या आसपास, एका बाजूला पाच मिनिटांहून जास्त नाही. हातमोजे घाला आणि दोरी हाताला कधीही गुंडाळू नका.

स्वार बसल्यावर दिसणाऱ्या वेदनेच्या खुणांची 24 वर्तनांची एक अभ्यासलेली यादी पशुवैद्य वापरतात: कान मागे टाकणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, तोंड उघडं राहणं, शेपूट झटकणं, कँटरमध्ये (दुडकीपेक्षा वेगवान गतीत) पाय बदलणं अशा. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. वेदनाशामक देऊन "फरक पडला नाही, म्हणजे दुखत नाही" असा निष्कर्ष मात्र काढू नका. काही दुखणी त्या औषधाला दाद देत नाहीत.

थांब आणि चल, पुन्हा पहिल्यापासून

शरीर साफ निघालं की दोष कोणताही असो, काम एकाच ठिकाणाहून सुरू होतं. घोड्याला हलक्या खुणेवर थांबता, मागे सरकता, पुढे निघता आणि पुठ्ठा (शरीराचा मागचा भाग) बाजूला हलवता येतो का, ते जमिनीवरून तपासा. दहापैकी सात घोडे इथेच अडखळतात असं म्हणायला हरकत नाही. आकडा अंदाजाचा, पण घोड्यांची निगा राखणाऱ्या अनुभवी मोतद्दाराला विचारून पाहा.

मागे सरकवण्याने सुरुवात करा, कारण थांबणं त्यातूनच पक्कं होतं. घोड्याच्या मानेजवळ, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहा. लगाम बिटापासून (तोंडातल्या लोखंडी कडीपासून) वीतभर मागे धरा. आधी बोटं मिटण्याइतका दाब द्या. दोन सेकंदांत पाऊल हललं नाही तर दाब हळूहळू वाढवा, झटका न देता, आणि पुढचा पाय मागे जायला उचलला की हात तत्क्षणी उघडा. पूर्ण पाऊल पडायची वाट पाहू नका. पाच-सहा वेळा झालं की मिनिटभर मोकळा सोडा. असे तीन डाव, बस्स. पुढच्या वेळी पुन्हा त्याच हलक्या दाबाने सुरुवात करायची. कालचा जड दाब आज पहिला दाब झाला, की घोडा तोंडाने बधिर व्हायला लागला असं समजा.

पुढे निघण्यासाठी लांब छडीने टाचेच्या जागी हलके, ठरावीक लयीत ठोके द्यायचे आणि पहिलं पाऊल पडताच थांबवायचे. पुठ्ठा हलवायला छडी थोडी मागे. हे सगळं दोन्ही बाजूंनी, कारण डावीकडून शिकलेलं उजवीकडून आपोआप येत नाही. रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर. त्यानंतरच खोगिरातून तेच धडे: दोन्ही पोटऱ्यांचा दाब म्हणजे चल, दोन्ही लगाम म्हणजे थांब, आणि दोन्ही एकाच वेळी कधीही नाही. टाच मारत लगाम ओढणारा स्वार हे बिघडलेल्या घोड्यामागचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

रिकिबीत पाय ठेवला की निघतो

शर्यतीतून आलेल्या घोड्यात हे हमखास दिसतं. तिथे जॉकीला चालत्या घोड्यावर उचलून बसवतात. उभं राहायचं असतं हे त्या बिचाऱ्याला कोणी शिकवलेलंच नसतं. इतरांत कारण बहुधा खोगीर वळून पाठीला बसणारा हिसका. जमिनीवरून चढणं बंद करून ओट्यावरून किंवा मजबूत स्टूलावरून चढा.

घोडा ओट्याशी उभा करा. तो हलला की तुम्ही खाली उतरता आणि त्याला गोल फिरवून पुन्हा आणता. त्याच्या हिशेबात हलल्यामुळे माणूस खाली गेला. उलट करायचं. तो हलला तर ओट्यावरूनच लगामाने एक-दोन पावलं मागे सरकवून जागेवर आणा. तो स्थिर उभा राहिला, की मग तुम्ही खाली उतरा. क्रम असा: ओट्यावर उभं राहणं, खोगिरावर हात टेकवून वजन, रिकिबीत पाय, पायावर अर्धं वजन, पाठीवर आडवं झुकणं, मग पाय पलीकडे. प्रत्येक पायरीवर घोडा पाच मोजेपर्यंत स्थिर, मग माघार. खोगिरात हळूच टेका, धप्पकन नाही.

बसल्यावर दहा मोजेपर्यंत काहीच करायचं नाही. हा शेवटचा भाग घरी आल्यावर पहिल्यांदा सुटतो: घाईत स्वार बसता बसताच टाच देतो, आणि चार दिवसांत घोडा त्याच्या आधी निघायला लागतो.

ओढलं की अजून पळतो

दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. घाबरून आंधळेपणाने उधळणं वेगळं, आणि स्वार आवरू शकत नाही हे कळल्याने निघून जाणं वेगळं. पहिल्यात घोडा वाटेतला दगड, कुंपण काहीच पाहत नाही. असा घोडा वारंवार उधळत असेल तर डोळे आणि दुखणं तपासल्याशिवाय कोणीही वर बसू नये. दुसरा प्रकार शिकवण्याने सुटतो.

सतत ओढलेला लगाम घोड्याला टेकायला आधार देतो. दोन्ही बाजूंनी सारखं ओढत राहिलं की तो मान ताणून त्या आधारावर रेलतो, दाब कधीच सुटत नाही, म्हणून त्याला अर्थही उरत नाही. वर बिट बोचरं असेल तर दुखण्यापासून पळणं हेच त्याच्या स्वभावात आहे. म्हणून कडक बिट पहिला आठवडा काम करतं आणि महिन्याभरात निकामी होतं. त्यानंतर आणखी कडक. ही पायरी चढू नका. साधं, जाडसर, सांध्याचं बिट घाला आणि थांबण्याचं शिक्षण नव्याने द्या.

बंद रिंगणात चालीवर सुरुवात करा. मांड खोल, पाठ सरळ, मग दोन्ही लगामांवर बोटं मिटा, वाढवा, थांबला की सोडा. हलक्या खुणेपासून दोन पावलांत थांबायला हवा. तिसरं पाऊल टाकलं तर थांबवून एक पाऊल मागे. चालीवर दहापैकी नऊ वेळा जमलं की दुडकीतून चाल, मग दुडकीतून थांब, मग कँटरमधून दुडकी. कँटरवर नेण्याची घाई हाच इथला नेहमीचा घोळ. चालीवर तीन पावलं उशिरा थांबणारा घोडा कँटरवर तीस पावलं उशिरा थांबतो.

मैदानात पळू लागलाच तर सरळ ओढत राहू नका. एक लगाम आखूड करून मूठ आयाळीवर घट्ट टेकवा, दुसऱ्याने घ्या-सोडा, घ्या-सोडा, त्याच्या पावलांच्या लयीत. जागा असेल तर मोठं वर्तुळ घेऊन ते हळूहळू लहान करा. एका लगामाने मान गुडघ्याकडे वळवून थांबवण्याचा उपाय अनेक ठिकाणी सांगतात. तो चालीवर, फार तर सावकाश दुडकीवर शिकवून ठेवा. भरधाव घोड्याची मान एकदम वळवली तर त्याचे पाय अडकून दोघंही कोसळू शकतात.

टाचेला दाद देत नाही

थंड स्वभाव म्हणून सोडून दिलेले बरेच घोडे प्रत्यक्षात बधिर केलेले असतात. प्रत्येक पावलाला टाच मारत राहिलं की टाचेचा अर्थ संपतो. दाब एकदाच, हलका. उत्तर नाही आलं तर लगेच छडीचे हलके ठोके पोटरीमागे, पहिल्या जोरकस पावलापर्यंत. मग पाय शांत, लटकते. घोडा मंदावला की पुन्हा तोच क्रम; मंदावण्याआधी "आठवण" म्हणून टाच द्यायची नाही. तो जोरात पुढे निघाला आणि तुम्ही दचकून लगाम ओढलात, तर सकाळचं काम वाया गेलं. पहिले चार दिवस आयाळ पकडून बसा, म्हणजे हात तोंडाला लागणार नाहीत.

एक वेगळा प्रकार ओळखता आला पाहिजे. डोळे अर्धवट, कान बाजूला पडलेले, काहीही केलं तरी उत्तर नाही. हा घोडा आतून मिटलेला असतो. वर्षानुवर्षं दाब सुटलाच नाही म्हणून त्याने प्रयत्न सोडून दिलेले असतात. लोक त्याला "अगदी गरीब" म्हणून नवख्यांना देतात. त्याला पुन्हा शिकवायला लागलं की सुरुवातीला तो जास्त हलतो, कधी विरोधही करतो, आणि मालकाला वाटतं चांगला घोडा बिघडवला. इथे दाब कमी ठेवा, मान खाजवणं, थांबून विश्रांती असं बक्षीस जास्त द्या, आणि त्याने स्वतःहून केलेली छोटी हालचालही मोजा.

बुजणं

घोड्याला जवळपास 350 अंशांतलं दिसतं. कपाळासमोर आणि पुठ्ठ्यामागे तेवढी अरुंद आंधळी जागा. लांबचं नीट पाहायला त्याला डोकं वर करावं लागतं. हनुवटी छातीशी आवळून नेलेल्या घोड्याला समोरचं कमी दिसतं, आणि तो बुजला म्हणून त्याला आणखी आवळणं हे उलटंच काम.

भीती वाटते त्या वस्तूपासून किती अंतरावर त्याचे कान ताठ होतात आणि पाऊल आखूड होतं, ते पाहा. ती त्याची रेषा. तिच्या दोन पावलं अलीकडे थांबा, बघू द्या, श्वास सुटून मान खाली आली की त्याने वळण्याआधी तुम्ही वळवून दूर न्या. पुन्हा या. रेषा हळूहळू पुढे सरकते. त्याने गर्रकन वळून पळ काढल्यावर दूर नेलंत तर पळणं शिकवलंत. वस्तू डावीकडून दाखवून झाली की उजवीकडून, मग तीच वस्तू फिरवून ठेवून. फिरवलेली ओळखीची वस्तूही घोड्याला नवी वाटू शकते. फक्त एकाच बाजूच्या वस्तूंना बुजणाऱ्या घोड्याचा त्या बाजूचा डोळा तपासून घ्या.

आणि भीती साचत जाते. वारा, नवीन घोडा शेजारी, त्यात फडफडणारा कागद: एकेकटं चाललं असतं, तिन्ही मिळून उधळला. "रोज तर काही करत नाही" असं म्हणण्याआधी त्या दिवशी आणखी काय काय होतं ते वहीत पाहा.

पागेकडे ओढ, बाहेर जाताना अडणं

अडणारा घोडा नेहमी एकाच जागी अडतो, कारण तिथून पूर्वी परत आणलेला असतो. ती जागा यायच्या वीस पावलं आधी तुमच्या मर्जीने वळा. दुसऱ्या दिवशी पंधरा पावलं आधी. जागेच्या पलीकडे गेलात की उतरा, तंग सैल करा, थोडा चरू द्या. कष्टाचं काम पागेजवळच्या रिंगणात, आराम लांब. परत येताना शेवटचा टप्पा कायम चालीवर, आणि मधूनमधून पागेच्या दारावरून पुढे जाऊन मग या. आल्या आल्या चंदी ठेवू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

अडल्यावर मारणं धोक्याचं आहे, कारण पुढे जाणं बंद आणि मागून मार, मग एकच दिशा उरते: वर. मागच्या पायांवर उभा राहिला तर लगाम पूर्ण सोडून आयाळ धरा, पुढे झुका. ओढलंत तर तो तुमच्यावर उलटेल. पुढचे पाय टेकताच एका बाजूला वळवून चालतं करा. वारंवार उभा राहणारा घोडा पूर्ण तपासणी होईपर्यंत बसण्यासाठी वापरू नये, आणि नंतरही मुरलेल्या स्वारानेच हाताळावा.

वयानुसार काय बदलतं

तीन वर्षांच्या शिंगराच्या कण्याच्या वाढीच्या जागा पाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण मिटलेल्या नसतात. पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यात तीन-चार दिवस, बहुतेक चालीवर. अडीच ते साडेचार-पाच वर्षांत दुधाचे दात पडतात, त्यामुळे काल बिट घेणारा चार वर्षांचा घोडा आज नाकारत असेल तर आधी तोंड उघडून पाहा. वरच्या पहिल्या दाढेपुढचा छोटा जादा दात बिटाला लागत असेल तर काढून घेतात.

सहा ते चौदा वर्षांचा घोडा शिकायला सगळ्यात सोयीचा, पण त्याच्याकडे जुन्या सवयींचा साठाही मोठा असतो. मागच्या मालकांकडे त्याने काय काम केलं ते विचारून घ्या. गाडीला जुंपलेल्या घोड्याला पोटरीचा स्पर्श अनोळखी असतो. शर्यतीच्या घोड्याला लांब रिकिबीतले लटकते पाय अनोळखी, आणि लगामावर आलेलं वजन म्हणजे त्याच्या लेखी "रेल आणि पळ".

पंधराच्या पुढे शिकण्याची ताकद कमी होत नाही, सांध्यांची होते. चालीवर पंधरा मिनिटं गरम केल्याशिवाय दुडकी नाही. पाठीवरचं मांस उतरल्याने दहा वर्षं बसलेलं खोगीरही आता बसत नसेल. म्हातारा, शांत घोडा अचानक चिडका झाला तर शिक्षणाचा विचार शेवटी.

परत आलाच तर

नवीन धडा देताना, जुनी युक्ती चालत नाही म्हटल्यावर घोडा ती एक-दोन दिवस जास्त जोराने करून पाहतो. इथे हार मानली तर दोष आधीपेक्षा घट्ट होतो; इथे टिकलात तर उतरायला लागतो. मात्र जोर वाढण्यासोबत कान मागे, दात करकर, घाम असं दिसत असेल तर थांबा आणि शरीराच्या तपासणीकडे परत जा.

सुट्टीनंतर सुटलेला दोष स्वतःहून डोकावणं नेहमीचंच आहे. महिनाभर उभा राहिलेल्या घोड्यावर थेट बसू नका. दोन दिवस जमिनीवरचे धडे, मग चाल, मग पुढे. दोष दिसला तर जिथे तो दिसत नव्हता त्या पायरीवर, म्हणजे साधारण दोन पायऱ्या मागे जा. पहिल्यांदा जिथे आठवडा लागला तिथे या वेळी एक-दोन दिवस पुरतात.

शिकवणाऱ्याकडून घरी आणताना मालकाने निदान शेवटचे चार-पाच दिवस तिथे जाऊन त्याच्या देखत बसावं, आणि तिथलंच खोगीर, तेच बिट वापरावं. सामान बदलायचं असेल तर तिथेच बदलून पाहावं. घरी पहिले दहा दिवस एकच स्वार. दुसरा स्वार आणताना त्याने आधी दोन दिवस जमिनीवरून थांब आणि मागे हे धडे द्यावेत, मग पहिल्या स्वाराने वीस मिनिटं बसून उतरल्यावर दहा मिनिटं चालीवर बसावं. टाचेला काटे नाहीत, छडी हातात हवी. दोघांच्या खुणा सारख्या आहेत का ते तिसऱ्याने कुंपणाबाहेर उभं राहून पाहावं, कारण स्वार स्वतःचे हात पाहू शकत नाही.